आदिलाबादसाठी सॉफ्टवेअर लिहिताना

पांढरकवड्याहून राष्ट्रीय महामार्ग ४४ ने हैदराबादच्या दिशेने निघालं की पैनगंगेचा पूल ओलांडताच तेलंगण सुरू होतं आणि थोड्याच वेळात आदिलाबाद येतं. राज्य बदलतं, पाट्यांवरची लिपी बदलते, पण माणसांचं बोलणं इतक्या पटकन बदलत नाही. १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे भाग आदिलाबाद जिल्ह्यातून निघून मुंबई राज्यात, म्हणजे आजच्या महाराष्ट्रात आले. उरलेला जिल्हा आंध्रात राहिला, पुढे तेलंगणात गेला आणि ११ ऑक्टोबर २०१६ ला त्याचेही चार जिल्हे झाले. या सगळ्या कागदी रेषांनंतरही बेला, जैनद, तामसी या सीमेलगतच्या मंडलांत मराठी घराघरांत आहे. उटनूर, इंद्रवेल्ली, नारनूर या डोंगराळ पट्ट्यात गोंडी आणि कोलामी आहेत. बाजारात आणि कचेरीत तेलुगू, शहराच्या जुन्या वस्तीत उर्दू.

अशा जिल्ह्यासाठी कुणी साधं शब्दसंग्रहाचं सॉफ्टवेअर लिहायला बसलं, तर प्रोग्रामिंगच्या पुस्तकांत शेवटच्या प्रकरणात असलेले सगळे प्रश्न पहिल्याच रात्री समोर येतात. मी नोकरी सांभाळून, फावल्या वेळात डेस्कटॉप सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांपैकी आहे. माझ्यासारख्यांना उपयोगी पडतील अशा काही गोष्टी मला सांगायच्या आहेत, आणि त्या सांगायला आदिलाबादइतकी योग्य जागा मला दुसरी दिसत नाही. इथे चुकलं तर चूक लगेच दिसते, आणि इथे नीट चाललेलं सॉफ्टवेअर महाराष्ट्रात कुठेही नीट चालतं.

नारनूर मंडलात गुंजाला नावाचं गोंडांचं गाव आहे. हैदराबाद विद्यापीठाचे प्राध्यापक जयधीर तिरुमल राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांना या गावात गोंडीची हस्तलिखितं सापडली. लिपी देवनागरी नव्हती आणि तेलुगूही नव्हती. ती गोंडांची स्वतःची होती. तिच्यात महिन्यांची आणि वारांची नावं होती, अंक होते, व्याकरण होतं, ऋतूंची माहिती होती, समाजाच्या चालीरीती होत्या. ही परंपरा साधारण १७५० पर्यंत मागे नेली जाते. गावातल्या मोजक्या वृद्धांना ती लिपी वाचता येत होती, म्हणून ती वाचली. जून २०१८ मध्ये युनिकोडच्या ११ व्या आवृत्तीत ‘गुंजाला गोंडी’ या नावाने तिची ६३ चिन्हं दाखल झाली. त्याच्या आदल्या वर्षी, २०१७ मध्ये, गोंडीची दुसरी लिपी ‘मसराम गोंडी’ युनिकोडमध्ये आली होती. ती बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये तयार केली होती.

जुन्या कागदावरची अक्षरं अडीच शतकांच्या परंपरेनंतरही वाचता आली. याउलट १९९० च्या दशकात मराठी डीटीपीवर टाइप केलेल्या कितीतरी फायली आज उघडल्या की नुसती इंग्रजी अक्षरांची गिचमीड दिसते. त्या काळी प्रत्येक कंपनीच्या फॉन्टचं कोष्टक वेगळं होतं. आत साठवलेलं असायचं इंग्रजी अक्षर आणि वर दिसायचं मराठी. फॉन्ट गेला की मजकूर गेला. म्हणून माझं पहिलं आणि ठाम म्हणणं असं आहे: फावल्या वेळात सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने आधी मजकुराची काळजी घ्यावी, बटणांची आणि रंगांची नंतर. आपलं सॉफ्टवेअर पाच-दहा वर्षांत बंद पडणार आहे. नोकरी बदलेल, लॅपटॉप बदलेल, विंडोज बदलेल. त्यात भरलेले शब्द मात्र माणसांचे आहेत आणि ते आपल्यामागे उरले पाहिजेत.

यातून कोडिंगचे बरेच निर्णय आपोआप सुटतात. मजकूर साठवायचा तो यूटीएफ-८ मध्येच. डेटाबेस हवा असेल तर एस्क्यूलाइट घ्यावा. तो २००० मध्ये रिचर्ड हिप यांनी सुरू केला, पूर्ण फुकट आहे, सगळा साठा एका फाइलमध्ये राहतो आणि २०५० पर्यंत तो सांभाळण्याचं त्याच्या कर्त्यांचं जाहीर उद्दिष्ट आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने माहिती जतन करण्यासाठी शिफारस केलेल्या प्रकारांत त्याचं नाव आहे. तरीही एस्क्यूलाइटवर थांबू नये. प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये ‘सगळं बाहेर काढा’ असं एक बटण असावं आणि ते दाबलं की साधी मजकुराची फाइल मिळावी, नोटपॅडमध्ये उघडणारी. हे बटण पहिल्याच आठवड्यात लिहावं, शेवटी लिहू म्हटलं की ते राहून जातं. सीएसव्ही देत असाल तर फाइलच्या सुरुवातीला बीओएम ही खूण घालावी. पायथॉनमध्ये त्यासाठी ‘यूटीएफ-८-सिग’ असा पर्याय तयार आहे. ती खूण नसेल तर दोनदा क्लिक करून एक्सेलमध्ये उघडलेली मराठी फाइल बहुतेक वेळा भलतंच काही दाखवते, आणि वापरणारा समजतो की आपलं काम गेलं.

आता अक्षरं मोजण्याकडे येऊ, कारण सर्वांत जास्त घोटाळे इथे होतात. ‘क्षि’ हे शाळेतल्या मुलाला विचारलं तर एक अक्षर आहे. युनिकोडच्या दृष्टीने त्यात चार चिन्हं आहेत: क, हलन्त, ष आणि इकार. यूटीएफ-८ मध्ये ती बारा बाइट घेतात. गुंजाला गोंडीचं एक सुटं अक्षर युनिकोडच्या दृष्टीने एकच चिन्ह आहे, पण यूटीएफ-८ मध्ये त्याला चार बाइट लागतात, आणि जावा, सी-शार्प किंवा जावास्क्रिप्टला लांबी विचारली तर त्या एका अक्षराचं उत्तर दोन येतं. या भाषा मजकूर १६ बिटांच्या तुकड्यांत ठेवतात आणि गुंजालाची अक्षरं एका तुकड्यात मावत नाहीत. ‘नाव तीस अक्षरांपर्यंत’ अशी मर्यादा घालून पुढचा मजकूर कापणारा कोड गोंडी अक्षराला मधोमध कापतो आणि अर्धं, निरर्थक चिन्ह साठ्यात जाऊन बसतं. मायएसक्यूएलमध्ये जुना ‘यूटीएफ८’ निवडला असेल तर त्यात अक्षराला तीनच बाइट मिळतात, म्हणून मराठी नीट बसतं आणि गोंडी बसत नाही. तिथे ‘यूटीएफ८एमबी४’ हवं. मराठीवर तपासून ‘सगळं चालतंय’ म्हणणारा माणूस इथे हमखास फसतो.

उपाय अवघड नाही. मजकूर कापायचा किंवा मोजायचा असेल तेव्हा भाषेतलं साधं लांबीचं फंक्शन वापरू नये. युनिकोडच्या नियमांनी अक्षरगट ओळखणारी साधनं वापरावीत. आयसीयू ही लायब्ररी हे काम करते, क्यूटीमध्ये त्यासाठी स्वतंत्र वर्ग आहे, डॉटनेटमध्येही सोय आहे. फक्त आवृत्ती नवी घ्यावी. जोडाक्षर अखंड ठेवण्याचा नियम युनिकोडमध्ये सप्टेंबर २०२३ मधल्या १५.१ या आवृत्तीत आला. त्याआधीच्या साधनांत ‘क्षि’चे दोन तुकडे पडतात. आणि एक सूचना, स्वतःची लेखनचौकट बनवणाऱ्यांसाठी: बॅकस्पेस दाबल्यावर अख्खं जोडाक्षर खोडू नका. मराठी टाइप करणाऱ्याला फक्त वेलांटी काढायची असते. बाण दाबला की अक्षरगट ओलांडायचा आणि बॅकस्पेस दाबला की एक चिन्ह खोडायचं, ही आपल्या बोटांची सवय आहे.

मराठीतला सर्वांत नाजूक प्रश्न ‘दऱ्या’ या शब्दात आहे. हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो. एका पद्धतीत खालच्या टिंबाचा ऱ, हलन्त आणि य. दुसऱ्या पद्धतीत साधा र, हलन्त, मग ‘झेडडब्ल्यूजे’ नावाचं न दिसणारं जोडचिन्ह आणि य. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. कीबोर्डाप्रमाणे कुणी पहिला वापरतो, कुणी दुसरा. मजकूर एकसारखा करण्यासाठी युनिकोडची जी ‘एनएफसी’ पद्धत आहे, ती र आणि सुटं टिंब यांचा ऱ करते, पण या दोन लेखनांना एक करत नाही. त्यामुळे एकाने भरलेला ‘दऱ्या’ दुसऱ्याने शोधला की सापडत नाही. न दिसणारी चिन्हं काढून टाकण्याचा सल्ला अनेक ठिकाणी मिळतो. तो इथे धोक्याचा आहे. दुसऱ्या लेखनातलं जोडचिन्ह काढलं की ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, डोंगरातल्या घळींचा समुद्र होतो. आचाऱ्याला बोलावलं की आचार्य येतात. म्हणून शोधासाठी वेगळा रकाना ठेवावा: मूळ मजकूर जसाच्या तसा जपावा, आणि शोधाच्या रकान्यात र, हलन्त, जोडचिन्ह ही तिकडी आधी ऱ आणि हलन्तात बदलावी, मग एनएफसी चालवावी, मगच उरलेली अदृश्य चिन्हं काढावीत. क्रम महत्त्वाचा आहे. ‘ॲ’चंही असंच आहे. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं; त्याआधीचे लोक अ वर चंद्र देत होते आणि अजूनही देतात. ती दोन्ही लेखनंही एनएफसी एक करत नाही, ते काम आपल्यालाच करावं लागतं.

क्रमवारीबद्दल थोडक्यात. युनिकोडच्या क्रमाने लावलं की ळ येतो ल च्या लगेच नंतर. मराठी वर्णमालेत तो ह च्या नंतर येतो, आणि मग क्ष, ज्ञ. आयसीयूला भाषा मराठी आहे असं सांगितलं की ती हे नीट करते. शब्दकोश लावणाऱ्याने एवढं केलंच पाहिजे.

गोंडीचा शब्द साठवताना आणखी एक गोष्ट लक्षात येते. १९४० च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी निजामाच्या राज्यात मार्लवाई इथे गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र सुरू करवलं, तेव्हा गोंडीची वाचनपुस्तकं देवनागरीत छापली गेली, कारण या भागातल्या गोंडांना मराठीची ओळख होती. पुढे शाळा तेलुगू झाल्या आणि गोंडी तेलुगू लिपीत लिहिली जाऊ लागली. आता गुंजाला लिपी आहे, मसराम लिपी आहे. आजोबांचा शब्द देवनागरीत, नातीचा तेलुगूत आणि मास्तरांचा गुंजालात, आणि शब्द तोच. डेटाबेसच्या कोष्टकात ‘शब्द’ नावाचा एकच रकाना ठेवणाऱ्याला हे जमत नाही. शब्दाची नोंद वेगळी असावी आणि तिची लेखनं वेगळ्या कोष्टकात असावीत; प्रत्येक लेखनापुढे लिपी लिहावी. भाषेची आणि लिपीची नावं आपल्या मनाने लिहू नयेत, त्यांचे आंतरराष्ट्रीय संकेत वापरावेत. आदिलाबादच्या गोंडीला ‘डब्ल्यूएसजी’ असा स्वतःचा स्वतंत्र संकेत आहे. २०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे सुमारे २९.८ लाख आणि कोलामी सांगणारे सुमारे १.२८ लाख लोक होते. आपला संग्रह उद्या यवतमाळच्या किंवा गडचिरोलीच्या संग्रहाला जोडायचा झाला, तर हेच संकेत उपयोगी पडतील.

कोलामीचा उल्लेख आला म्हणून इथे थोडं थांबतो. २३ फेब्रुवारी २०२५ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी आदिलाबादच्या एका सरकारी शाळेतले शिक्षक थोडासम कैलाश यांचं नाव घेतलं. त्यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी कोलामीत गाणं तयार केलं आणि इतर आदिवासी भाषांतही ते अशी गाणी करत आहेत. शिकवणं हे त्यांचं काम. हे त्याच्या जोडीचं. मला हे फार मोलाचं वाटतं. छोट्या भाषांसाठी मोठ्या कंपन्या उशिरा येतात, कधी येतच नाहीत. आधी येतो तो आवड असलेला एकटा माणूस. कन्नडमध्येही असंच झालं. शेषाद्रिवासू यांनी १९९८ मध्ये ‘बरह’ हे सॉफ्टवेअर काढलं, पुढे त्यात देवनागरीही आली, आणि कितीतरी मराठी माणसं त्यावर टाइप करायला शिकली.

साधनांची निवड हा फावल्या वेळातल्या माणसाचा आवडता विषय असतो आणि त्यात महिने जातात. माझी कसोटी एका तासात होते. जे साधन घ्यायचं त्यात एक रिकामी लेखनचौकट उघडावी आणि तीन गोष्टी टाकाव्यात: ‘क्षि’, ‘दऱ्या’ आणि गुंजाला गोंडीचं कुठलंही एक अक्षर. मग बाण फिरवावा, खोडावं, कॉपी करून पेस्ट करावं. पायथॉनबरोबर येणारं टीके हे साधन सोपं आहे, पण त्याची ८.६ ही आवृत्ती १६ बिटांच्या एका तुकड्यात न मावणाऱ्या गुंजालासारख्या अक्षरांसाठी बनलेली नव्हती. ती अडचण सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या ९.० ने दूर केली. क्यूटी अक्षरजुळणीसाठी हार्फबझ वापरतं, तेच जे फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस वापरतात, म्हणून मी क्यूटीकडे झुकतो. फॉन्टसाठी वापरणाऱ्याच्या संगणकावर विसंबू नये. गूगलच्या नोटो संग्रहात गुंजाला गोंडीचा फॉन्ट आहे, त्याचा परवाना खुला आहे, तो सॉफ्टवेअरबरोबरच द्यावा.

डेस्कटॉपच का, असं तरुण मुलं विचारतात. उटनूरच्या डोंगरात नेट येतं-जातं, वीजही जाते, आणि शाळेतला संगणक बऱ्याचदा जुना असतो. तिथे नेटशिवाय चालणारं सॉफ्टवेअर हवं. जुन्या विंडोज ७ वर चालवायचं असेल तर पायथॉन ३.८ च्या पुढे जाता येत नाही, हे आधीच पाहावं. विजेसाठी एक नियम कायमचा पाळावा: असलेल्या फाइलवर थेट लिहू नये. आधी शेजारी नवी फाइल पूर्ण लिहावी, ती डिस्कवर पोचल्याची खात्री करावी आणि मग तिला जुन्या फाइलचं नाव द्यावं. मधेच वीज गेली तरी जुनी किंवा नवी, यांपैकी एक फाइल पूर्ण शाबूत राहते. एस्क्यूलाइट वापरलं तर व्यवहाराच्या (ट्रॅन्झॅक्शनच्या) चौकटीत लिहावं, मग हे काम ते स्वतः करतं. वापरणाऱ्याची फाइल ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये ठेवू नये, तिथे लिहायची परवानगी नसते. आणि ‘सेव्ह करायचं का’ असं वारंवार विचारू नये. भरलेला शब्द भरताक्षणी जपला गेला पाहिजे.

आवाजाच्या फायलींसाठी वेगळी शिस्त लागते. दिवाळीच्या दिवसांत आदिलाबादच्या गोंड वस्त्यांत दंडारी आणि गुस्साडी नाच असतो. मार्लवाईचे गुस्साडी कलावंत कनक राजू यांना २०२१ चा पद्मश्री मिळाला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ते गेले. अशा माणसाचा आवाज एकदाच मिळतो. मूळ रेकॉर्डिंग न दाबलेल्या वेव्ह स्वरूपात ठेवावं आणि ऐकवायला त्याची छोटी प्रत वेगळी करावी. फाइलचं नाव साध्या क्रमांकाचं असावं, माहिती डेटाबेसमध्ये. डेटाबेसमध्ये फाइलचा पूर्ण पत्ता लिहू नये, फोल्डरपासूनचा लिहावा. नाहीतर पेनड्राइव्हवरून दुसऱ्या संगणकावर नेलं की एकही आवाज वाजत नाही. आणि ज्याचा आवाज आहे त्याने कशासाठी परवानगी दिली, तेही त्याच नोंदीत असावं. हा रकाना रिकामा असेल तर रेकॉर्डिंग बाहेर जाऊ नये, असं कोडमध्येच लिहून ठेवावं. हे तंत्रापेक्षा सचोटीचं काम आहे, पण कोडने ते सक्तीचं करता येतं.

मराठी आणि तेलुगू संदेश लिहिताना तुकडे जोडून वाक्य करू नये. ‘जतन’च्या पुढे ‘झाला’ की ‘झाली’ हे नोंदीच्या लिंगावर ठरतं: शब्द जतन झाला, फाइल जतन झाली, गाणं जतन झालं. ‘गाव’ला ‘त’ लावला की ‘गावात’ होतं, ‘शाळा’ला लावला की ‘शाळेत’. इंग्रजीत चालणारी जोडाजोड आपल्याकडे हास्यास्पद मराठी तयार करते आणि लोकांना वाटतं सॉफ्टवेअर परकं आहे. पूर्ण वाक्यं वेगळ्या फाइलमध्ये ठेवावीत आणि ती भाषा घरात बोलणाऱ्या माणसाकडून तपासून घ्यावीत.

राहिला वेळेचा प्रश्न. रात्री तासभर मिळतो, तोही रोज नाही. अशा तासात नवीन काही सुरू करण्यापेक्षा चालू असलेलं एक छोटं काम पुरं करावं, ते चालवून पाहावं, गिटमध्ये नोंदवावं आणि उठण्याआधी पुढची पायरी एका ओळीत लिहून ठेवावी. आठवड्याने परतल्यावर तीच ओळ आपल्याला कामाला लावते. जुना कोड फेकून सगळं नव्याने लिहिण्याचा मोह वर्षातून एकदा तरी होतो. नेटस्केपसारख्या श्रीमंत कंपनीने १९९८ मध्ये तो मोह केला आणि त्यांचा नवा ब्राउझर २००० च्या शेवटी आला. तोवर बाजार हातातून गेला होता. आपल्याकडे तर फक्त रात्रीचा तास आहे. कुरूप असलेलं एकेक फंक्शन सुधारत जावं, आणि सुधारण्याआधी त्याची चाचणी लिहावी. चाचणीत ‘एबीसी’ घालू नये. तिथेही ‘दऱ्या’, ‘क्षि’ आणि गुंजालाचं अक्षरच घालावं.

सॉफ्टवेअर वाटताना एक अडथळा येतो. सही नसलेली एक्झी फाइल विंडोज संशयाने पाहतं, आणि पायथॉनपासून बनवलेल्या फायलींना अँटीव्हायरस कधी कधी उगाच अडवतात. लोकांना ‘अँटीव्हायरस बंद करा’ असं सांगू नये. ती सवय त्यांना दुसरीकडे महाग पडते. कोड खुला ठेवावा, फाइलची मोहोरसंख्या (हॅश) जाहीर करावी, आणि शक्य असेल तिथे स्वतः जाऊन बसवून द्यावं. बसवून देताना शेजारी बसलं की पहिल्या दहा मिनिटांत जे कळतं, ते घरी बसून कळत नाही.

हा लेख वाचणाऱ्यांत सीमेलगतच्या गावांतले शिक्षक असतील, पुण्यात किंवा हैदराबादला नोकरी करणारी किनवट, राजुरा, आदिलाबादकडची मुलं असतील. तुम्हाला कोड लिहिता येत असेल आणि घरात गोंडी, कोलामी किंवा त्या भागातली मराठी बोलणारं जुनं माणूस असेल, तर येत्या सुट्टीत एक लहान संग्रह सुरू करा. एस्क्यूलाइटचं एक कोष्टक, एक लेखनचौकट आणि ‘सगळं बाहेर काढा’ हे बटण, एवढ्यावर पहिली आवृत्ती होते. शब्द भरा, आवाज घ्या, परवानगी नोंदवा, आणि बाहेर काढलेल्या फाइलची एक प्रत त्या माणसाच्या घरी ठेवून या.